सव्वाशे बायकांचं फदफदं

शुक्रवार पेठ,
मंगळवार, ११ ऑगस्ट

अपेक्षा,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी.

तुझं कालचं पत्र डब्याच्या झाकणाखालून निघालं. दोनदा वाचलं. तुझी आजी तिसरीत शाळेतून उठली, पण कोण बोलतंय एवढं तिला कळतं. “आपल्या प्रदीर्घ अनुभवाची शिदोरी माझ्या वाटचालीत दीपस्तंभ ठरेल” असं लिहिलंयस. मी मंडईत पालेभाजी विकते, मला दीपस्तंभ करू नकोस. गेल्या चार महिन्यांत कर्वेनगरहून आलेल्या तुझ्या प्रत्येक चिठ्ठीत भूक लागली नाहीतर पाय दुखले, असं काहीतरी असायचं. या पत्रात कुणाला भूक नाही आणि कुणाला पायही नाहीत. कुणी लिहून दिलं?

मुद्दा मात्र समजला. विजयमालाबाईंनी पंचवीस तारखेची मंगळागौर एकट्या तुझ्या अंगावर टाकली. सव्वाशे बायका, दुपारचं जेवण, यादीपासून वाढण्यापर्यंत सगळं तू बघायचं. नीट पार पडलं तर त्यांच्या ऑर्डरीच्या स्वयंपाकघरात तू कायमची. नाही पडलं तर तुझ्या बापाने खराडीच्या ऑफिसात दारापाशी खुर्ची बघून ठेवलीच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायची. तू घरी आलेल्या पाहुण्यांकडे बघून हसत नाहीस, तिथे काय हसणार. तेव्हा पंगत नीट व्हावी, असं माझंही मत आहे.

आता खरी गोष्ट. पत्राबरोबर अळूची मागणी आहे. “साठ जुड्या, काळपट देठाच्या, जाड पानांच्या.” फदफद्याला? अगं, ते वडीचं अळू. फदफद्याला पातळ पान आणि हिरवं देठ लागतं. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्या गाळ्यावर बसून जुड्या बांधल्यास. तुला माहीत नाही असं नाही. म्हणजे लिहिताना तू बघितलंच नाहीस.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र फोन जवळ आला की शिट्टी मारतं आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. सुखदेवचा भाजीचा टेम्पो रोज तिकडे येतोच, त्याच्याकडेच उत्तर दे. डब्यात मेथी आहे.

आजी

—

कर्वेनगर,
बुधवार, १२ ऑगस्ट

आजी,

पाय दुखतात. आधी हे लिहिते, म्हणजे मीच आहे याची खात्री पटेल.

ते पत्र मी लिहिलं नव्हतं. फोनमध्ये एक एआय आहे. आपण विचारायचं, ते उत्तर देतं. पत्र लिही म्हटलं तर पत्र, यादी कर म्हटलं तर यादी, तेही दोन सेकंदांत. मी त्याला म्हटलं, आजीला आदराने लिही. त्याने जरा जास्तच आदर केला.

अळूची यादीही त्याचीच. तुझं पत्र वाचल्यावर मी त्याला विचारलं, “नक्की काळं देठ का?” ते म्हणालं, क्षमस्व, हिरवं देठ. मग मी मुद्दाम म्हटलं, “पण काळंच बरोबर ना?” तर म्हणालं, आपलं बरोबर आहे, काळंच. आजी, दोन्ही वेळा इतकं छान समजावून सांगितलं की दोन्ही पटलं.

तू म्हणशील, मला का नाही विचारलंस. सांगते. इथे ताईंना, म्हणजे विजयमालाताईंना, काही विचारलं की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारतात. जुलैत माझ्या सत्तेचाळीस रेघा झाल्या. आणि तुला विचारलं की तू हसतेस. लहानपणी शेपू म्हणून मी बडीशेपेची जुडी विकली होती, ते तू अजून सुखदेवकाकांना सांगतेस. फोन हसत नाही. कितीही बावळट प्रश्न विचारा, “छान प्रश्न आहे” म्हणतो. मला तेवढंच हवं होतं.

मेथीत मीठ कमी होतं.

अपेक्षा

—

शुक्रवार पेठ,
शुक्रवार, १४ ऑगस्ट

अपेक्षा,

मीठ बरोबर होतं. तुला बाहेरचं खाऊन सवय लागली आहे.

हसते, आणि हसणार. बडीशेपेची गोष्ट कालही सांगितली. पण ते गिऱ्हाईक परत आलं तेव्हा तू काय केलंस, तेही मी सांगते, तेवढं तू ऐकत नाहीस. तू दोन्ही जुड्या समोर धरल्यास, पान चुरगळून वास घेतलास, आणि त्यानंतर आजवर चुकली नाहीस. मी हसले म्हणून तू शिकलीस असं मी म्हणत नाही. तू वास घेतलास म्हणून शिकलीस. आता तू वासच घ्यायचा सोडलायस.

त्या फोनशी माझं भांडण नाही. मंडईत रोज कुणीतरी नवा माणूस माल घेऊन येतो. त्यातला एखादा फार गोड बोलतो. मी त्याला हाकलत नाही, टोपली उपडी करायला सांगते. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. पण तुझा हा पाहुणा तू हो म्हटलंस की हो म्हणतो आणि नाही म्हटलंस की नाही म्हणतो. म्हणजे तू त्याला विचारत नव्हतीस, स्वतःचाच आवाज ऐकत होतीस. विजयमालाबाईंच्या मोरीत अळूची जुडी बादलीत उभी असेल. चार पावलं चालून बघितली असतीस तर काम झालं असतं.

आता माझे काही प्रश्न त्याला विचार. सव्वाशे बायकांना अळूच्या किती जुड्या लागतील? तोडलेली जुडी किती टिकते? उद्या येणारं अळू खाजेल की नाही? उत्तरं जशीच्या तशी लिही, तुझी साखर घालू नकोस. आणि प्रत्येक उत्तरासमोर तुला काय वाटतं ते लिही. ते आधी लिही, मग त्याला विचार. उलटं केलंस तर मला कळेल.

आजी

—

कर्वेनगर,
सोमवार, १७ ऑगस्ट

आजी,

विचारलं. आधी माझं लिहून मगच विचारलं, शपथ.

जुड्या मी पन्नास लिहिल्या होत्या. त्याने मला उलट विचारलं की जुडी केवढी, म्हणजे साधारण किती पानांची, आणि बायकांना दुसऱ्यांदा वाढणार का. मी हे विचारलंच नव्हतं स्वतःला. आठ-दहा पानांची म्हटल्यावर त्याने सत्तर सांगितल्या. ते मला पटलं. जुडी टिकण्याबद्दल मी लिहिलं होतं एक दिवस, ते म्हणालं फ्रिजमध्ये पिशवीत चार-पाच दिवस. फ्रिजचं ठीक, पण चौथ्या दिवशीचं अळू तू गिऱ्हाइकाला दाखवशील का? म्हणून माझाच एक दिवस धरला. आणि खाजेल का, तर म्हणालं, जुडी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मीही तेच लिहिलं होतं. इथे आम्ही दोघं पास.

मग मला जरा धीर आला. मी आख्खा बेत त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, कौतुक नको, यात काय काय बिघडू शकतं ते सांग. त्याने बरीच मोठी यादी दिली. निम्मी यादी भलत्याच देशातल्या लग्नाची असावी, पार्किंगवाल्याचा गणवेश वगैरे. पण त्यात एक होतं, शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते विचारा. मी सहज मंगळागौरीच्या घरच्यांना फोन केला. आजी, नवऱ्या मुलीच्या नणंदेला शेंगदाणा अजिबात चालत नाही, एका दाण्याने घसा सुजतो, मागे दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी आम्हाला सांगितलंच नाही. फदफद्यात आपण मूठमूठ दाणे घालतो. आता तिचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, तेलही शेंगदाण्याचं नाही.

आणि एक चूक मी पकडली, एकटीने. बेतात त्याने घातलं होतं, पहिल्या पंगतीला चव कशी वाटली ते विचारावं आणि त्याप्रमाणे दुसऱ्या पंगतीत बदल करावा. वाचताना किती शहाणपणाचं वाटलं. मी “ठीक” म्हणून टिकसुद्धा केली होती. मग भात लावताना एकदम आठवलं, पहिली पंगत पूजेला बसलेल्या मुलींची. त्या मुक्याने जेवतात. एकवीस जणी, तोंडातून अक्षर नाही. त्यांना काय विचारणार? मी भाताजवळ उभी राहून इतकी हसले की ताई बघायला आल्या.

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. गेल्या चार दिवसांत रेघ नाही.

अपेक्षा

—

शुक्रवार पेठ,
बुधवार, १९ ऑगस्ट

अपेक्षा,

मुक्या पंगतीचं सुखदेवला वाचून दाखवलं. तो टेम्पोला टेकून हसत राहिला आणि मागे दोन रिक्षा अडकल्या.

शेंगदाण्याने कुणाचा घसा सुजतो, हे माझ्या साठ वर्षांत ऐकण्यात नाही. म्हणजे नसेल असं नाही. मंडईत मी दाणे विकत नाही. फोन केलास ते बरं केलंस, आणि पळीदेखील वेगळी हे तर फारच बरं. त्या फोनला माझ्याकडून एक मार्क दे, जास्त देऊ नको.

आता अळू माझ्यावर सोड. मांजरीच्या हिंदुरावाला सत्तर जुड्या सांगितल्या आहेत. त्याच्या मळ्यातलं अळू मी चाळीस वर्षं विकते. खाजलं म्हणून एक गिऱ्हाईक कधी परत आलं नाही. सोमवारी सकाळी टेम्पोत येईल, म्हणजे देठ सोलायला तुला दिवस मिळेल. ते तपासत बसू नकोस. हे फोनचं सांगणं नाही, माझं आहे.

काम करताना हाताला तेल लाव. पाय दुखत असतील तर बसून सोल, विजयमालाबाई त्याची रेघ मारणार नाहीत.

आजी

—

कर्वेनगर,
सोमवार, २४ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ

आजी,

सुखदेवकाकांना थांबवून ठेवलंय, म्हणून घाईत. रागावू नकोस.

सत्तर जुड्या आल्या. दिसायला सुंदर, हिरवं देठ, पातळ पान. तू तपासू नको म्हणाली होतीस. पण त्याआधी टोपली उपडी करायला सांग असंही म्हणाली होतीस. दोन्ही तूच म्हणालीस, मी आधीचं ऐकलं. टोपलीच्या तळातल्या जुड्यांचं देठ मोडून मनगटाला घासलं. पाच मिनिटांत लाल झालं. वरच्या जुड्यांनी काही झालं नाही. मग तळातल्या दोन जुड्या लहान पातेल्यात शिजवल्या आणि मी एक घास खाल्ला. घशात सुया टोचल्यासारखं झालं.

एआयला विचारलं. ते म्हणालं, अळूत सुईसारखे बारीक कण असतात, चिंच वाढवा, अजून अर्धा तास शिजवा, कमी होईल. तसं करून पुन्हा खाल्लं. कमी झालं, गेलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की एवढी खवखव चालून जाईल. सव्वाशे बायकांत कुणाला कळणार. हे त्याने नाही सांगितलं, हे माझ्याच मनात आलं. मग आठवलं की पहिली पंगत बोलणार नाही. त्या बिचाऱ्या गप्प बसून सगळं संपवतील.

कोणत्या जुड्या चांगल्या आणि कोणत्या वाईट, आता ओळखता येत नाहीत, सगळ्या एकत्र झाल्यात. ताईंना मी सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मग काय करणार आहेस?” मी म्हटलं, आजीला विचारते. रेघ मारली नाही, पण पेन हातात होतं.

काय करू?

अपेक्षा

—

शुक्रवार पेठ,
सोमवार, दुपारी तीन

अपेक्षा,

एक पानही वापरू नकोस. सगळं टेम्पोत परत घाल.

तुझी चिठ्ठी वाचली आणि गाळा शेजारणीवर टाकून सुखदेवबरोबर मांजरीला गेले. टेम्पोत सांडलेलं एक देठ वाटेत मनगटाला घासून बघितलं. माझंही लाल झालं, मला दाखवायची हौस नाही पण सुखदेवने बघितलंय, तेव्हा लपवून उपयोग नाही. हिंदुराव आधी म्हणाला, मावशी, आपलं अळू कधी खाजलंय का. मी त्याच्या तोंडात देठ द्यायला निघाले तेव्हा खरं बोलला. मळ्यात पन्नासच जुड्या निघाल्या, उरलेल्या वीस ओढ्याकाठच्या रानअळूतून भरल्या. एवढी मोठी मागणी कधी आली नव्हती, नाही म्हणवेना त्याला.

उद्या सकाळी सहाला दुसऱ्या मळ्यातलं अळू येईल. माणूस माझ्या ओळखीचा नाही, म्हणून एकूण एक जुडी मी स्वतः सोडून बघणार आहे. तू तिथे पुन्हा बघ. मी बघितलंय म्हणून सोडू नकोस. आधी लहान पातेलं, मग मोठं.

परत येताना सुखदेवने वाटेत गाडी थांबवून मला चहा पाजला. मी मागितला नव्हता.

आजी

—

कर्वेनगर,
बुधवार, २६ ऑगस्ट

आजी,

झालं!

क्रमाने लिहिते, नाहीतर तू म्हणशील धड सांगता येत नाही. सहा वाजता अळू आलं. बाराव्या जुडीपर्यंत माझ्या दोन्ही मनगटांवर जागा उरली नव्हती, मग सोलायला आलेल्या बायकांनी आपले हात पुढे केले. कुणालाच काही नाही. लहान पातेलं शिजवलं, चौघींनी खाल्लं, दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो. मग मोठी दोन पातेली चढवली आणि नणंदेचं तिसरं, लांब, झाकण लावून. किती वाजता काय चढवायचं ते वेळापत्रक एआयने करून दिलं होतं, ते भिंतीला लावलं होतं. ते मात्र अगदी चोख निघालं, फक्त पुरणपोळ्यांना त्याने दिलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ मी धरला होता. त्याने कधी लाटल्या नसाव्यात.

साडेबाराला पहिली पंगत. एकवीस मुली, नऊवारी, नथी, आणि आवाज फक्त भांड्यांचा. मी खांबाला टेकून बघत होते. एकीने पहिला घास घेतला आणि हात गळ्याकडे नेला. आजी, मी खांब सोडून पुढे निघालेच. ती नुसता ठुशीचा फास सैल करत होती. मग एका वाटीचा आवाज आला. पाटावर पुढे सरकवली. मग दुसरी, मग तिसरी. वाढपी फदफदं घेऊन गेल्या तर एकीने पळीवर हात ठेवून अजून घाल असं डोळ्यांनी सांगितलं. शेवटी तुळशीचं पान खाऊन मौन सुटलं, आणि नवरी मुलगी पहिलं काय बोलली असेल? “त्या दुसऱ्या पंगतीला उरेल ना, नाहीतर सासूबाई मला खातील.”

उरलं. नणंदबाईंनी तीनदा घेतलं आणि पातेल्यापाशी येऊन म्हणाल्या, बाहेरच्या जेवणात फदफदं पहिल्यांदाच खातेय.

मग फुगड्या. ताई कधी स्वयंपाकघराबाहेर येत नाहीत. त्या आल्या, हात पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. मनगटं बघितली. जोरात एक गिरकी घेतली, मी भिंतीवर आदळता आदळता राहिले. थांबल्यावर म्हणाल्या, “उद्यापासून सकाळी आठला. आणि विचारायला येशील तेव्हा आधी तू काय बघितलंस ते सांगायचं. मग वाटेल तेवढं विचार.” सप्टेंबरचं कॅलेंडर त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलंय, कोरं.

बाबांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, तू सांगितलंस तर त्यांना बोलायला वेळच मिळणार नाही.

अपेक्षा

—

शुक्रवार पेठ,
शुक्रवार, २८ ऑगस्ट

अपेक्षा,

तुझ्या बापाला सांगितलं. खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवतो म्हणाला. मग त्याने विचारलं, तिने खरंच एकटीने केलं का. मी म्हटलं, नाही. फोनला विचारलं, मला विचारलं, आणि आम्हा दोघांवरही विश्वास ठेवला नाही.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी टोपल्या गाळ्यावर आल्या तेव्हा हिंदुराव समोर उभा होता. तळाची जुडी थोडी गर्द दिसते, हे माझ्या नजरेला आलं होतं. सोडून बघितली असती तर त्याला वाटलं असतं, चाळीस वर्षांनी मावशी तपासायला लागली. म्हणून मी हात घातला नाही. तुझ्यावर रेघा पडतात म्हणून तू विचारत नव्हतीस, आणि मी समोरच्याला वाईट वाटेल म्हणून बघत नव्हते. सोमवारी दुपारी तुला “पुन्हा बघ” लिहिताना हे मला माहीत होतं. आता तुलाही माहीत झालं. सुखदेवला सांगू नकोस.

हिंदुराव काल येऊन गेला. त्याने आपणहून टोपली उपडी केली. मी बघितली. त्याला वाईट वाटलं नाही, मीच उगाच धरून बसले होते.

आता पुढचं. विजयमालाबाईंचा निरोप आला, गौरीच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या त्यांना माझ्याकडूनच हव्यात, पाच घरांच्या. माल कोण निवडणार, तर तू. गौरीला अजून वेळ आहे, पण हात बसायला रविवारी सकाळी सहाला मंडईत ये. फोन आणायचा तर आण, यादी त्यात ठेव, जुडी हातात धर. मी स्टुलावर बसून चहा पिणार आहे आणि तू काहीही निवडलंस तरी तोंड उघडणार नाही.

सुखदेवने पैज लावली आहे की पहिल्याच टोपलीला मी बोलेन. त्याच्या बाजूने अजून सहा गाळेवाले आहेत. माझ्या बाजूने कुणी नाही.

आजी